स्लेयरचे अल्बम: बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं मला वारंवार विचारतात ते प्रश्न

शहापुरात माझी रेकॉर्डिंगची एक लहान खोली आहे. भजनी मंडळं येतात, गणपतीच्या आधी मंडळांची गाणी होतात, लग्नाच्या बँडवाल्यांचे ट्रॅक होतात. गेली काही वर्षं खानापूर, निपाणी, संकेश्वर आणि तिकडं गडहिंग्लजपासूनची पोरंही पाठीला गिटार लावून येतात. घरी मराठी, कॉलेजात कन्नड, आणि कानात थ्रॅश मेटल. भिंतीवर मी स्लेयरचं जुनं पोस्टर लावलंय, त्यामुळं चहा येईपर्यंत प्रश्न सुरू होतात. तीच उत्तरं तोंडी देत आलो, आता लिहून ठेवतो. मी रेकॉर्डिंगवाला माणूस आहे, म्हणून माझं लक्ष आधी ड्रमच्या आवाजाकडं जातं. उत्तरंही त्याच अंगानं आहेत.

स्लेयर म्हणजे नेमके कोण? अल्बम किती?

१९८१ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन पार्कमध्ये बँड सुरू झाला. केरी किंग आणि जेफ हॅनेमन गिटारवर, टॉम अराया बेस आणि गाण्यावर, डेव्ह लोम्बार्डो ड्रमवर. अराया जन्मला चिलीत, लोम्बार्डो क्यूबात. स्टुडिओ अल्बम बारा: अकरा स्वतःच्या गाण्यांचे, आणि १९९६चा एक मुख्यतः दुसऱ्यांच्या पंक गाण्यांचा. त्याशिवाय लहान रेकॉर्ड आणि लाईव्ह रेकॉर्ड आहेत. मेटालिका, मेगाडेथ, अँथ्रॅक्स आणि स्लेयर या चार थ्रॅश बँडना मिळून ‘बिग फोर’ म्हणतात.

थ्रॅश म्हणजे काय, हे घरच्या माणसाला कसं सांगू?

हलगी आठवायला सांगा. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी, आणि मिरवणूक चौकात आली की वाजवणारा लय एकदम दुप्पट करतो. अंगावर काटा येतो तो नुसत्या वेगानं येत नाही. एवढ्या वेगातही प्रत्येक ठोका सुटा, स्वच्छ ऐकू येतो, त्यानं येतो. थ्रॅशचं तेच आहे. गिटारवाला उजव्या हाताचा तळवा तारांवर दाबून ठेवतो, त्यामुळं सूर लांबत नाही, नुसता ठोका उरतो. म्हणजे गिटारसुद्धा अर्धं तालवाद्य होऊन जातं. आपल्या भागातल्या माणसाला हे पटकन समजतं, हा माझा अनुभव आहे. माझ्या मावशीला मी असंच समजावलं होतं. तिनं एक गाणं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, “वाजवणारा दमत नाही?” अगदी योग्य प्रश्न होता तो.

पहिला अल्बम निघाला कसा? कंपनीनं पैसे दिले का?

नाही. हे नीट सांगतो, कारण तुमच्यातले निम्मे जण “कंपनी मिळाली की करू” म्हणून थांबलेले असतात.

सुरुवातीला ही मंडळी आयर्न मेडन, जुडास प्रीस्ट या मेटल बँडचीच गाणी वाजवायची. अनाहाइममधल्या एका क्लबात ब्रायन स्लॅगेलनं त्यांना ऐकलं. मेटल ब्लेड ही छोटी रेकॉर्ड कंपनी त्याची. त्यानं आपल्या ‘मेटल मॅसॅकर’ मालिकेच्या तिसऱ्या भागासाठी एक गाणं मागितलं. ते १९८३ साली आलं, लोकांनी विचारपूस केली, आणि मग पूर्ण अल्बमची गोष्ट निघाली. पण मेटल ब्लेडकडं खर्चाला पैसा नव्हता. अराया तेव्हा दवाखान्यात श्वसनाच्या रुग्णांवर उपचार करणारा थेरपिस्ट होता, त्यानं आपली शिल्लक काढली. उरलेले किंगच्या वडिलांकडून उसने घेतले. त्यातून १९८३च्या डिसेंबरात ‘शो नो मर्सी’ बाहेर पडला. दौऱ्याला निघाले ते अरायाच्या कॅमारो गाडीच्या मागं भाड्याची ट्रॉली जोडून.

आता माझ्या कामाची गोष्ट. या अल्बमचे ड्रम सिम्बलशिवाय, म्हणजे झांजांशिवाय, रेकॉर्ड झालेत. लोम्बार्डोनं आधी नुसते ड्रम वाजवले आणि झांजा नंतर वेगळ्या वाजवून वर चढवल्या, कारण एकत्र वाजवलं की सिम्बलचा आवाज सगळ्या माईकमध्ये शिरत होता. ड्रमरला विचारा हे किती अवघड आहे ते. हात सवयीनं वर जातो आणि तिथं झांजच नाही! हवेत हात अडवून पुन्हा खाली, आणि लय तसूभरही हलू द्यायची नाही. अल्बम ऐकताना मला कुठंतरी तो अडवलेला हात जाणवतो. गाणी अजून आयर्न मेडनच्या छायेतली आहेत, सुरेल आहेत, थोडी पोरसवदाही आहेत. मला हा अल्बम फार प्रिय आहे.

‘हाँटिंग द चॅपल’ अल्बम आहे की नाही? त्यातली ड्रम घसरण्याची गोष्ट खरी का?

पूर्ण अल्बम नाही. १९८४ची तीन गाण्यांची लहान रेकॉर्ड आहे. पण स्लेयरचं वळण तिथंच लागलं: वेग वाढला, सूर काळवंडले.

गोष्ट खरी आहे. स्टुडिओच्या जमिनीवर गालिचा नव्हता. लोम्बार्डो दोन्ही पायांनी वाजवायला लागला की ड्रमचा संच पुढं पुढं सरकायचा. जीन हॉग्लन नावाचा पोरगा तिथं होता. पुढं तो स्वतः मोठा ड्रमर झाला. रेकॉर्डिंग चालू असताना तो ड्रम हातानं धरून बसला होता. आमच्याकडं एकदा देवळाच्या सभामंडपात गुळगुळीत फरशीवर रेकॉर्डिंग होतं, तिथं नेमकं हेच झालं. शेवटी पुजाऱ्यांनी सतरंजी दिली आणि वर दोन विटा ठेवल्या. तेव्हापासून माझ्या खोलीत ड्रमखाली जाड सतरंजी कायम अंथरलेली असते.

‘हेल अवेट्स’चा आवाज असा गढूळ का वाटतो?

१९८५चा अल्बम. त्यावर रिव्हर्ब भरपूर आहे, म्हणजे विहिरीत डोकावून ओरडल्यासारखा घुमार. गाणी लांबलचक, वळणावळणाची. काहींना तो घुमारच आवडतो. मला लेखन आवडतं, आवाज आवडत नाही. पण तो आधी ऐकल्याशिवाय पुढचा अल्बम ऐकू नका. पुढच्या वर्षी काय घडलं ते त्याशिवाय कळायचं नाही.

‘रेन इन ब्लड’चं एवढं काय? अर्ध्या तासाचाही नाही तो!

त्याचं मोठेपण तिथंच आहे.

मला तो पुण्यात नोकरीला असलेल्या मामेभावानं कॅसेटवर भरून दिला होता. साठ मिनिटांची कोरी कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. अख्खा अल्बम एका बाजूला बसला आणि शेवटी मिनिटभर नुसती खरखर उरली. दुसऱ्या बाजूलाही त्यानं तेच भरलं होतं. मला वाटलं चुकून झालं. पुढं कळलं की तिकडं कंपनीनं विकलेल्या कॅसेटवरही दोन्ही बाजूंना पूर्ण अल्बम होता. बाजू उलटली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्या कॅसेटवर मी किती संध्याकाळी घालवल्या ते मोजलेलं नाही.

७ ऑक्टोबर १९८६ला तो आला. दहा गाणी, एकोणतीस मिनिटांच्या आत. निर्माता रिक रुबिन. हा डेफ जॅमवाला, म्हणजे हिप हॉपचा माणूस, एलएल कूल जे आणि बीस्टी बॉईजच्या कंपनीचा. मेटल त्यानं कधी केलेलं नव्हतं, आणि माझ्या मते ते बरंच झालं. मेटलचा निर्माता असता तर त्यानं आणखी घुमार चढवला असता. रुबिननं आणि इंजिनिअर अँडी वॉलेसनं उलट केलं. रिव्हर्ब काढून टाकला. जिथं विहीर होती तिथं आता कोरडी खोली आली, आणि वाजवणारे तुमच्यापासून दोन हातांवर बसलेत असं वाटायला लागलं. हाच वॉलेस पुढं १९९१ला निर्वाणा या बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमचं मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज जुळवायचं काम, करणार होता.

रिव्हर्ब काढणं सोपं वाटतं, पण त्याला वाजवणारा तसा लागतो. माझ्याकडं गाणारे येतात आणि बसल्या बसल्या सांगतात, “जरा इको टाका.” घुमार चढवला की सुरातलं थोडं उणं झाकलं जातं, ठोका थोडा पुढंमागं झाला तरी खपून जातं. कोरड्या आवाजात काहीच झाकत नाही. या एकोणतीस मिनिटांत चौघंही उघड्यावर उभे आहेत, वेग मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या वर, आणि तरी दोन्ही गिटारचा प्रत्येक फटका वेगळा ऐकू येतो. कडवं एकदा आलं की बास, उगाच चौथ्यांदा नाही. बहुतेक गाणी दोन-तीन मिनिटांत जे म्हणायचं ते म्हणून संपतात. काय ठेवायचं नाही हे ज्याला कळतं तो खरा कारागीर, हे मी या अल्बमवरून शिकलो. अजून मिक्सिंग करताना माझा हात आधी काहीतरी कमी करायला जातो.

शेवटचं गाणं ‘रेनिंग ब्लड’ हेडफोन लावून ऐका. आधी पावसाचा, गडगडाटाचा आवाज, मग ड्रमचे तीन ठोके, पुन्हा तीन ठोके. खानापूरकडच्या पोरांना जून-जुलैच्या रात्री पत्र्यावर कोसळणारा पाऊस माहीत आहे. दिवे घालवून त्या रात्री ऐकून बघा.

पहिलं गाणं नाझींच्या बाजूचं आहे म्हणतात. मग ऐकावं का?

‘एंजल ऑफ डेथ’ हे गाणं योसेफ मेंगेले या नाझी डॉक्टरनं आउश्वित्झच्या छळछावणीत कैद्यांवर केलेल्या प्रयोगांबद्दल आहे. हॅनेमननं लिहिलं. त्याला दुसऱ्या महायुद्धाची पदकं जमवायचा नाद होता, त्या विषयावर तो वाचायचा. गाण्यात मेंगेलेची स्तुती कुठं नाही. पण “हे वाईट आहे” असं तोंडानं म्हणणारी ओळही नाही. नुसतं घडलेलं सांगितलंय, तेही अंगावर येईल असं. बँडनं नाझी विचारांशी संबंध असल्याचं कायम नाकारलं.

या गाण्यामुळं आणि मुखपृष्ठामुळं डेफ जॅमचा माल वितरित करणाऱ्या कोलंबियानं अल्बम हातात घ्यायला नकार दिला. शेवटी गेफननं तो दुकानांत पोचवला. माझं मत विचाराल तर गाणं ऐका, पण त्या छावण्यांबद्दल आधी वाचा. न वाचता त्यातल्या किंकाळीवर नुसतं डोकं हलवणं मला बरं वाटत नाही. तिथं माणसं खरोखर मेलीत.

एवढा वेग पकडल्यावर १९८८ला ‘साउथ ऑफ हेवन’मध्ये हळू का झाले?

ठरवून. त्याहून वेगात जाऊन नवीन काही मिळणार नव्हतं हे त्यांना कळलं होतं. अराया इथं ओरडण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी गातो. जुडास प्रीस्टचं एक गाणंही घेतलंय. तेव्हा काही चाहते नाराज झाले. मला विचाराल तर हळू वाजवताना भीती वाढली. मिरवणुकीत ढोल एकदम संथ पडला की गर्दी कशी गप्प होते, तसं.

आणि ‘सीझन्स इन द अ‍ॅबिस’?

१९९०. वेगही आहे, संथपणाही आहे. वाद्यांचा तोल या अल्बमइतका सुंदर त्यांच्याकडं दुसरीकडं नाही. शीर्षकगीताचा व्हिडिओ इजिप्तला गिझाच्या पिरॅमिडपाशी चित्रित झालाय. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हातात मी हाच देतो.

ड्रमर किती वेळा बदलला? आम्ही गोंधळतो.

बारा अल्बमांत दोनच नावं लक्षात ठेवा. लोम्बार्डोचे सात: पहिले पाच, आणि नंतर २००६, २००९चे दोन. पॉल बोस्टाफचे पाच: १९९४ ते २००१चे चार आणि शेवटचा २०१५चा.

लोम्बार्डो तीनदा बाहेर पडला. १९८६च्या शेवटी पैशांवरून गेला आणि पुढच्या वर्षी परत आला. मधल्या दौऱ्यात व्हिपलॅश बँडचा टोनी स्कॅग्लियोन वाजवत होता. १९९२ला गेला तेव्हा त्याच्या घरी पहिलं मूल होणार होतं. २००१च्या सुमारास आला. २०१३च्या सुरुवातीला पुन्हा पैशांच्याच वादातून गेला, तो गेलाच. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक यात मी पडत नाही. पण बँड सुरू करताना पैशांचं कागदावर लिहून घ्या एवढं तुम्हाला कळकळीनं सांगतो. सख्ख्या मित्रांनीही लिहून घ्यावं. माझ्या खोलीत तयार झालेले दोन चांगले बँड मी एका कार्यक्रमाच्या मानधनावरून मोडताना पाहिलेत.

बोस्टाफला कमी लेखू नका. तो फॉर्बिडन या थ्रॅश बँडमधून आला होता. लोम्बार्डोच्या वाजवण्यात झोल आहे, म्हणजे ठोका जरा झुलतो, हातगाडी उतारावर सुटल्यासारखा. बोस्टाफचा हात सुतारासारखा, मापात. मला लोम्बार्डो जास्त भावतो, पण १९९४चा ‘डिव्हाइन इंटरव्हेन्शन’ ऐकून बोस्टाफला सलाम न करणारा ड्रमर मला भेटलेला नाही.

नव्वदीतले अल्बम सोडून दिले तर चालेल?

‘डिव्हाइन इंटरव्हेन्शन’ सोडू नका. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो आठव्या क्रमांकापर्यंत गेला होता. १९९६चा ‘अनडिस्प्युटेड अ‍ॅटिट्यूड’ ही हार्डकोर पंकला वाहिलेली दाद आहे. स्लेयरचा वेग कुठून आला ते कळायला एकदा ऐका. १९९८च्या ‘डायाबोलस इन म्युझिका’मध्ये गिटार आणखी खाली उतरवल्यात आणि तेव्हाच्या नव्या मेटलची चाल घेतलीय. त्यात मन रमत नाही माझं.

नावाचा अर्थ मात्र पोरांना सांगावासा वाटतो: ‘संगीतातला सैतान’. युरोपात हे नाव षड्जापासून तीव्र मध्यमाच्या अंतराला पडलंय. तिथं ते कर्कश, टाळण्याजोगं मानलं गेलं. आपल्याकडं याच तीव्र मध्यमावर यमन उभा आहे, संध्याकाळी तंबोऱ्यावर ऐकताना मन निवतं. सुळेभावीला, बेळगावच्या उंबऱ्यावर, कुमार गंधर्वांचा जन्म झाला. या मातीत वाढलेल्या कानाला स्लेयरचा तो सूर नुसता भेसूर वाटत नाही. तो ओळखीचा सूर परक्या घरात भेटल्यासारखा वाटतो. गिटार वाजवणाऱ्यांनी एकदा पेटीवर सा आणि तीव्र म एकत्र दाबून बघावं.

एक अल्बम ११ सप्टेंबर २००१लाच आला, खरं का?

खरं. ‘गॉड हेट्स अस ऑल’ची तारीख आधीच ठरलेली होती. त्याच दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे पडले. हा निव्वळ योगायोग. व्हँकुव्हरला ब्रायन अ‍ॅडम्सच्या स्टुडिओत तो रेकॉर्ड झाला. आपल्याकडं ज्याचं गाणं प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगला होतं तोच ब्रायन अ‍ॅडम्स. अल्बम रागाचा आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत रागाचा. थोडा दमवतो.

‘ख्राइस्ट इल्यूजन’ भारतात मिळत नव्हता तो का?

२००६च्या ऑगस्टमध्ये तो आला. लोम्बार्डो परतल्यानंतरचा पहिला अल्बम. मुखपृष्ठावर येशूचं विद्रूप चित्र होतं, ‘रेन इन ब्लड’चं चित्र काढणाऱ्या लॅरी कॅरोलचंच. मुंबईतल्या ख्रिस्ती संघटनेनं चित्राला आणि शब्दांना आक्षेप घेतला आणि ईएमआय इंडिया या कंपनीनं भारतातल्या प्रती मागं घेतल्या.

मला तेव्हा वाईट वाटलं होतं. मागवलेला अल्बम हातात आला नाही म्हणून. पण माझा कॅम्पातला एक जवळचा मित्र दर रविवारी चर्चला जातो. त्याला ते चित्र दाखवलं तेव्हा तो काही बोलला नाही, नुसतं बाजूला बघितलं. ते मी विसरलो नाही. कुणाच्या श्रद्धेला लागलं असेल तर ते लागणं खरं असतं. त्याच वेळी, शब्द आणि चित्र आवडलं नाही तरी लोम्बार्डोचे ड्रम या अल्बमवर विलक्षण आहेत, हेही खरं. दोन्ही खरं धरून मी तो ऐकतो, आणि मित्र खोलीत असला की लावत नाही.

ग्रॅमी मिळाली का?

दोन, दोन्ही सर्वोत्कृष्ट मेटल सादरीकरणाच्या. २००७ला ‘आइज ऑफ द इन्सेन’, २००८ला ‘फायनल सिक्स’. दोन्ही गाणी याच ‘ख्राइस्ट इल्यूजन’च्या काळातली.

आई म्हणते हे सैतानाची पूजा करणारे आहेत. काय सांगू?

आईशी वाद घालू नका. तिला खरं सांगा: गाणारा अराया स्वतः कॅथलिक श्रद्धावान आहे, त्यानं मुलाखतींत अनेकदा सांगितलंय. धर्माच्या विरोधात बरंचसं लिहिणारा किंग नास्तिक आहे. म्हणजे पूजा दोघांपैकी कुणीच करत नाही. भयाची गोष्ट सांगणं हा त्यांचा व्यवसाय आहे. आपल्याकडं दशावतारात राक्षसाचं सोंग घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी शेतावर जातो, हे तिनं पाहिलेलं असतं. आणि रात्री अकरानंतर हेडफोन वापरा. आईची अर्धी तक्रार तिथंच संपते.

जेफ हॅनेमनचं काय झालं?

हे लिहायला मला जड जातं.

स्लेयरचे बरेचसे अजरामर सूर त्याचे. मुलाखती कमी द्यायचा, मागं राहायचा. २००९च्या ‘वर्ल्ड पेंटेड ब्लड’वर तो पूर्ण हजर आहे. २०११च्या सुरुवातीला त्याच्या उजव्या हाताला ऊतक सडवणारा भयंकर जंतुसंसर्ग झाला. कोळी चावल्याचं निमित्त झालं असं सांगितलं गेलं. शस्त्रक्रिया झाल्या, कातडी बसवावी लागली. दौऱ्यावर त्याच्या जागी एक्झोडस बँडचा गिटारवाला गॅरी होल्ट उभा राहिला. २३ एप्रिल २०११ला कॅलिफोर्नियातल्या इंडिओला बिग फोरच्या कार्यक्रमात हॅनेमन शेवटी दोन गाण्यांसाठी मंचावर आला. तेवढंच. २ मे २०१३ला तो गेला, वय ४९. कारण दारूमुळं झालेला यकृताचा सिरॉसिस.

कोळ्याची गोष्ट सगळे सांगतात, कारण ती विचित्र आहे. दारूची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती ओळखीची आहे. आपल्या भागात वाजवणाऱ्यांना कार्यक्रमानंतर हातात ग्लास देणं हा मान समजतात. मी माझ्या खोलीत त्या मानाला बंदी घातलीय. पोरं नाराज झाली तरी चालतील.

‘रिपेंटलेस’ हॅनेमनशिवायचा आहे. तो स्लेयरचा म्हणायचा का?

म्हणायचा. ११ सप्टेंबर २०१५ला आला, निर्माता टेरी डेट, कंपनी न्यूक्लियर ब्लास्ट. लेखन बहुतेक किंगचं आहे, पण एक गाणं हॅनेमननं मागं ठेवलेलं आहे. बिलबोर्डवर चौथा क्रमांक, त्यांच्या सगळ्या अल्बमांत सर्वात वरचा. त्यात नवीन काही नाही. प्रामाणिकपणा मात्र आहे, आणि एक माणूस कमी झाल्याची जागा ऐकू येते. होल्ट सुंदर वाजवतो, पण हॅनेमनच्या सोलोमध्ये तार किंचाळताना जी वेडी घाई असायची ती कुणाला आणता येणार?

ते आपल्याकडं कधी आले होते?

ऑक्टोबर २०१२, बेंगळुरू. मी गेलो होतो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर, बेळगावहून आम्ही पाच जण. तिघं मराठी, दोघं कन्नड. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एका फोनवर ‘हेल अवेट्स’. भाषेवरून आपल्या गावात काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या रात्री मैदानात तो विषयच निघाला नाही. पुढं कोण उभा, मागं कोण, सगळ्यांच्या तोंडी तीच ओळ.

हॅनेमन नव्हता, होल्ट होता. ड्रमवर लोम्बार्डो. चार महिन्यांत तो बँडबाहेर पडला, त्यामुळं त्याला स्लेयरमध्ये वाजवताना प्रत्यक्ष पाहिलं याचं मोल मला नंतर कळलं. मी पूर्ण वेळ त्याच्या पायांकडं बघत होतो. रेकॉर्डवर वीस वर्षं ऐकलेला आवाज खरोखर दोन पायांतून येत होता.

बँड बंद झाला की चालू आहे?

२०१८ला निरोपाच्या दौऱ्याची घोषणा केली आणि ३० नोव्हेंबर २०१९ला लॉस एंजेलिसजवळ इंगलवूडच्या फोरममध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. मग सप्टेंबर २०२४ला शिकागोत पुन्हा मंचावर आले, आणि जुलै २०२५ला बर्मिंगहॅमला ब्लॅक सबाथच्या निरोपाच्या कार्यक्रमातही वाजवलं. हे मोजके कार्यक्रम आहेत, नव्या अल्बमची ती तयारी नाही. नवीन ऐकायचंच असेल तर किंगचा स्वतःचा ‘फ्रॉम हेल आय राइज’ २०२४ला आलाय, ड्रमवर बोस्टाफच आहे.

अल्बम कोणत्या क्रमानं ऐकू?

आधी ‘सीझन्स’. मग ‘हेल अवेट्स’ आणि लगेच त्याच बैठकीत ‘रेन इन ब्लड’, म्हणजे घुमार निघून गेल्यावर काय होतं ते कानाला कळेल. त्यानंतर ‘साउथ ऑफ हेवन’, ‘डिव्हाइन’, ‘ख्राइस्ट इल्यूजन’. पहिला ‘शो नो मर्सी’ सर्वात शेवटी ऐका. तेव्हा त्यातली पोरं तुम्हाला ओळखीची वाटतील.

घरच्या खोलीत आम्हाला तसे ड्रम रेकॉर्ड करता येतील का?

येतील, पण आधी खोली कोरडी करा. आपल्याकडच्या स्लॅबच्या खोल्या घुमतात. भिंतींना गोधड्या टांगा, कोपऱ्यात गाद्या उभ्या करा, ड्रमखाली जाड सतरंजी. माईक दोनच असतील तर एक किकपाशी, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमपाशी, दुसरा वाजवणाऱ्याच्या डोक्यावर मध्यभागी. टाळी वाजवून बघा. टाळीमागून आवाजाची शेपटी येत असेल तर अजून गोधड्या लागतील. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात ड्रमला हात लावू नका, ऑक्टोबरपर्यंत सराव करा. आणि गिटारवर डिस्टॉर्शन, म्हणजे सूर खरखरीत करणारा परिणाम, तुम्हाला हवं वाटतं त्याच्या निम्मं ठेवा. निम्म्यावर फटके सुटे ऐकू यायला लागतात. पहिल्या दिवशी आवाज किरकोळ वाटेल. तसाच ठेवा आणि आठवडाभर त्यावर वाजवा.